एका बाजूचा मारवा

कार्यक्रमपत्रिकेवर विषय ‘आमच्या संग्रहातल्या तबकड्या’ असा छापलाय, पण घाबरू नका, आम्ही यादी वाचून दाखवणार नाही. आमच्या घरात लाँगप्ले तबकड्या साधारण ९०० आहेत, आणि त्याखेरीज लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, दोनेकशे. मोठ्या संग्राहकांपुढे हा आकडा किरकोळ आहे. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवराबायको. माईकपुढे एकच जण बसलाय, पण मतं दोघांची आहेत आणि जिथं आमचं एकमेकांशी पटत नाही तिथं तसं सांगून टाकू.

आज त्यातल्या मोजक्या तबकड्यांबद्दलच बोलायचंय. त्या निवडल्या एका प्रश्नासाठी. तासतासभर गायला जाणारा राग तबकडीच्या एका बाजूवर बसवायचा ठरला, तेव्हा त्या रागाचं काय झालं? साधारण समजूत अशी की त्याची काटछाट झाली. मैफल म्हणजे अस्सल, तबकडी म्हणजे तिचा तुकडा. आम्हाला हे आता पटत नाही. आमचं म्हणणं असं की बाजू हा गाण्याचा एक स्वतंत्र घाट आहे, आणि काही कलावंतांनी तो घाट ओळखून त्याच्यासाठी गायलंय.

आधी बाजू म्हणजे काय ते नीट बघू. लाँगप्ले तबकडी बारा इंची असते आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. तिच्या एका अंगावर किती खाचा असतात? शाळेत मुलांना विचारलं की ती शंभर, पाचशे, हजार असं काहीही सांगतात. खाच एकच असते. बाहेरच्या कडेपासून लेबलापर्यंत गुंडाळत आलेली, सलग. बावीस मिनिटांच्या बाजूला सुमारे ७३३ फेरे होतात. सरासरी फेरा पासष्टएक सेंटिमीटरचा धरला तर खाचेची लांबी भरते पावणेपाचशे मीटर. म्हणजे सुई बसल्या जागी बसलेली दिसते, पण तिच्याखालून जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता निघून जातो.

आता यातली गोम बघा. फेऱ्यांची गती कायम असते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलाजवळ पोचेपर्यंत ती २१ सेंटिमीटरवर येते. एका सेकंदाचा आवाज कडेला जेवढ्या जागेत ऐसपैस बसला होता, तेवढाच आवाज शेवटी निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. बारीक, उंच पट्टीचे, जलद आवाज तिथं चुरगळतात. पाश्चात्त्य गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं टाकायची युक्ती ते पुष्कळदा करत. आपल्याकडे ती सोय कुठली? ख्याल विलंबितानं सुरू होतो आणि द्रुतात संपतो. सतार-सरोदावर शेवटी झाला येतो. म्हणजे जिथं सुरांची सगळ्यात दाटी, तिथंच खाच सगळ्यात अपुरी. उलट सुरुवातीच्या आलापाला उत्तम जागा मिळते, पण तिथं तंबोऱ्यामागची शांतता इतकी मोकळी असते की धुळीचा कणसुद्धा ऐकू येतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. आपल्या गाण्याची चाल आणि या यंत्राची चाल एकमेकींच्या उलट पडली, इतकंच.

लाँगप्ले तबकडी अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं १९४८ साली बाजारात आणली. त्याआधी जवळपास अर्धशतक आपलं ध्वनिमुद्रित संगीत तीन-साडेतीन मिनिटांचं होतं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जान यांचं गाणं त्यानं मुद्रित केलं. त्या तबकड्यांच्या शेवटी बाई स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. लोकांना त्यात ऐट दिसते, पण कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कुठला आवाज कुणाचा हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

तीन मिनिटांना कमी लेखू नका, बरं का. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची झिंझोटीतली तबकडी लहानपणी दुकानात ऐकून भीमसेन जोशी गाण्यापायी घर सोडून निघाले, हे त्यांनीच अनेकदा सांगितलंय. तीन मिनिटांत एवढं होऊ शकतं. पण तो घाट वेगळा. तिथं रागाची ओळख पटते, सहवास मिळत नाही. आणखी एक, जाता जाता. त्या जुन्या तबकड्या ज्या लाखेच्या असत, ती लाख बरीचशी आपल्याच बंगाल-बिहारकडच्या जंगलांतून जगभर जात होती. युरोपातल्या ऑपेराच्या तबकड्यांतही आपल्याकडच्या किड्यांचे कष्ट आहेत. आम्हाला या गोष्टीची उगाचच गंमत वाटते.

आता पहिली तबकडी. १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये एक लाँगप्ले मुद्रित झाली. एका बाजूला सिंधुभैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू. तबल्यावर चतुरलाल, तंबोऱ्यावर शिरीष गोर. नावात सकाळचे आणि संध्याकाळचे राग असं म्हटलंय. आपल्या रागसंगीताची ही पहिली लाँगप्ले मानली जाते. सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन बोलतात, वाद्यांची आणि कलावंतांची ओळख करून देतात. गौहर जान शेवटी स्वतःचं नाव सांगायच्या, इथं दुसरा माणूस सुरुवातीला सांगतो. ऐकणारा परका आहे हे त्या बोलण्यातून कळतं. सरोद मात्र परक्यासाठी वाजत नाही. अली अकबरांना एवढा सलग वेळ तबकडीवर प्रथमच मिळत होता, आणि ते तो खर्च कसा करतात हे ऐकण्यासारखं आहे. तीन मिनिटांच्या तबकडीत स्वर थांबला तर जागा वाया गेली असं वाटायचं. इथं स्वर थांबतो आणि थांबू दिला जातो.

दुसरी तबकडी म्हणजे आजचा मुख्य विषय. उस्ताद अमीर खाँ, एच.एम.व्ही., १९६०. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आमच्या वयाच्या बहुतेक गाणं ऐकणाऱ्यांच्या घरी ही होती. नसली तर शेजारी होती.

अमीर खाँसाहेबांची ख्याती कशाची? अतिविलंबित झुमऱ्याची. एकेक आवर्तन इतकं लांब की नवख्याला सम कुठं गेली ते कळू नये. स्वरांच्या मेरुखंडी मांडणीत ते एकेका स्वरसमूहाभोवती फिरत राहायचे, मैफलीत तासभर. असा गवई एका बाजूवर बसवायचा म्हणजे नदी तांब्यात भरण्यासारखं. पण तबकडी लावून बघा, घाई कुठंच नाही. बाजूचा बहुतेक वेळ त्यांनी विलंबितालाच दिलाय आणि द्रुत अगदी बेताचं ठेवलंय. मघाशी सांगितलेली लेबलाजवळची अडचण इथं फारशी जाणवत नाही, त्याचं एक कारण हेच असावं असं आम्हाला वाटतं. त्यांच्या मनात खाचेचा विचार असेल असा आमचा दावा नाही. पण वेळेचा हिशेब मनात नक्की होता. मैफलीत ज्या फिरतीला ते चार वेळा परत येतील, तिथं इथं एकदा येतात आणि पुढं जातात. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर टेकणं शक्य तितकं टाळायचं. सूर्य बुडतानाची ती अस्वस्थता. षड्ज टाळत टाळत बाजूच्या बऱ्याच आतपर्यंत गेल्यावर तो जेव्हा लागतो, तेव्हा आपण एवढा वेळ श्वास धरून बसलो होतो हे कळतं. मैफलीत हा परिणाम साधायला अर्धा तास लागतो. इथं कमी वेळात साधलाय, आणि तो वारंवार ऐकला तरी फिका पडत नाही.

(इथे मारव्याच्या बाजूचा सुरुवातीचा भाग ऐकवण्यात आला.)

या तबकडीच्या आमच्याकडे दोन प्रती आहेत. एक जवळजवळ कोरी. एका घरचा संग्रह आवरताना मिळाली, वेष्टणाची कडासुद्धा दुमडलेली नाही. दुसरी पुण्याच्या जुन्या बाजारात, एका बुधवारी, गॅसच्या शेगड्यांच्या ढिगाशेजारी मिळाली. वेष्टणाला वहीला घालतात तसं तपकिरी कागदाचं कव्हर. ती घरी आणून धुतली, उजेडात तिरपी धरली, तर मारव्याच्या बाजूवर एक बोटभरही नाही एवढा पट्टा राखाडी पडलेला. बाकी खाच काळी, चकचकीत. लावून बघितलं तर बाकी सगळं बऱ्यापैकी स्वच्छ वाजतं आणि त्याच पट्ट्यात खरखर उठते. विलंबित संपत येतानाची ती जागा आहे.

धूळ सगळीकडे सारखी बसते. चरा पडला तर आडवा पडतो आणि दर फेऱ्याला टक्‌ टक्‌ वाजतो. हे तसं नव्हतं. कुणीतरी ती सुई उचलून पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवली होती. शेकडो वेळा. त्या काळच्या पेटीवजा रेकॉर्डप्लेअरच्या हाताचा भार कित्येक ग्रॅम असायचा, आजच्या चांगल्या यंत्राचा दीड-दोन ग्रॅम असतो. तेवढ्या वजनाखाली ती जागा झिजली. कुणीतरी तिथं बसून शिकलंय. गुरू असेल किंवा नसेल, ती ओळ गळ्यावर चढेपर्यंत त्यानं किंवा तिनं खाँसाहेबांना परत परत म्हणायला लावलंय.

आता आमचं भांडण. आम्ही दोघंही सत्तरीच्या पुढे आलो आणि या तबकड्यांचं पुढं काय करायचं हा विषय घरात रोज निघतो. मुलांना गाणं आवडतं, पण त्यांच्या घरांत जागा नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका संस्थेला संग्रह द्यायचं चाललंय. संस्थेनं रास्तपणे सांगितलं, प्रत्येक तबकडीची एकच प्रत घेऊ, चांगल्यातली. मग मारव्याची कुठली द्यायची? आमच्यापैकी एकाचं म्हणणं, यात विचार कसला करायचा, कोरी द्या. पुढच्या माणसाला खाँसाहेब स्वच्छ ऐकू यायला हवेत, संग्रह असतो तो त्यासाठीच. दुसऱ्याचं म्हणणं, कोरी प्रत आणखी शंभर ठिकाणी सापडेल. झिजलेली एकच आहे. मारवा गायला कसा गेला हे दोन्ही प्रतींत आहे, तो ऐकला कसा गेला हे फक्त एकीत आहे. हा वाद गेलं वर्षभर चाललाय. संस्थेकडून परवा पुन्हा फोन आला होता. आम्ही दिवाळीनंतर सांगतो म्हणालो.

बरं, पुढं जाऊ. या तबकडीनं आणखी एक गोष्ट केली. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. मधले चार-पाच तास आपण एका मिनिटात ओलांडतो, तबकडी उलटायला लागतं तेवढ्यात. जुन्या पिढीतल्या पुष्कळांना हे खटकायचं. आमच्या परिचयातले एक गृहस्थ मारवा ऐकून तबकडी वेष्टणात घालून ठेवत आणि दरबारीसाठी रात्री जेवणानंतर परत काढत. आम्ही हसायचो. आता हसत नाही.

यावर एक सुंदर तोड निघाली ती १९६७ च्या सुमारास, ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत. शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काबरा गिटारवर, तबल्याला माणिकराव पोपटकर. तिघांचंही वय तेव्हा फारसं नव्हतं, आणि संतूर, गिटार ही वाद्यं रागसंगीतात आपली जागा शोधत होती. कल्पना अशी, काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस. अहिरभैरव, नटभैरवानं सकाळ उजाडते, मग पिलू, भूप, देस, आणि पहाडी. म्हणजे रागांच्या वेळा पाळायच्या तर तबकडीचाच एक दिवस करून टाकला! आमच्या मते आपल्याकडे ‘अल्बम’ या शब्दाला अर्थ आला तो इथं. सुटे राग एका वेष्टणात घालणं वेगळं, आणि पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत एक धागा असणं वेगळं.

ही तबकडी घडवणारे होते जी. एन. जोशी. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या गायकांपैकी एक, आणि पुढं एच.एम.व्ही.च्या मुंबईच्या स्टुडिओत बसून कितीतरी दिग्गजांना तबकडीवर आणणारे. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. कलावंताला माईकपुढं बसवणं, वेळेत बसवणं, आणि तरी त्याचं गाणं मोडू न देणं हे काम काय असतं ते त्यातून कळतं. वेष्टणावर अशा माणसाचं नाव असलंच तर बारीक टायपात असतं.

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची तबकडी आणलीय, तिच्याबद्दल आमच्या मनात थोडी अढीसुद्धा आहे. गाण्याबद्दल नाही. ते काय आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण त्या तबकडीतला भूप इतका लोकांच्या कानात बसला की मैफलीत ताईंनी भूप मांडला रे मांडला, तीच बंदिश, तशीच, अशी फर्माइश यायची. एका दुपारी स्टुडिओत एका तऱ्हेनं उमटलेला राग हाच तो राग होऊन बसला. जी बाई रोज नव्यानं शोधत होती तिच्याकडून लोक तबकडी मागत होते. मैफल अस्सल आणि तबकडी नक्कल म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. इथं उलटंच झालं, तबकडी अस्सल ठरली आणि मैफल तिच्याशी ताडून बघितली जाऊ लागली.

गीतरामायणाचंही थोडं तसंच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ते आठवड्याला एक असं वर्षभर चाललं, ५६ गीतं, आणि त्यात गाणारे अनेक होते. तबकड्यांवर मात्र सगळं सुधीर फडके यांच्या आवाजात आलं. आज गीतरामायण म्हटलं की बहुतेकांच्या कानात एकच आवाज येतो. तो आवाज थोर आहेच, पण माणिक वर्मा किंवा वसंतराव देशपांडे त्यात गायले होते हे नव्या श्रोत्याला सांगावं लागतं.

मराठी भावगीतं आणि नाट्यगीतं पुष्कळशी लहान, सात इंची, ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आली. एकीत चार गाणी. तो वेगळा विषय आहे, तेव्हा आज एवढंच.

आता तुमच्यापैकी बरेच जण म्हणाल, हे सगळं इंटरनेटवर आहे की. आहे, आणि आम्हीही ऐकतो. कुणीतरी खपून ते चढवलंय म्हणून दुर्मीळ गाणं खेड्यातल्या मुलापर्यंत पोचतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की चढवताना वेष्टण गळून पडतं. तबल्याला कोण, सारंगीला कोण, साल काय, राग कुठं संपला आणि बाजू कुठं उलटली, काही कळत नाही. दोन बाजूंवर पसरलेला राग जोडून एक केलेला असतो, मग मध्येच गायक पुन्हा षड्ज का लावतो याचं ऐकणाऱ्याला कोडं पडतं. ज्यांना यात काम करायचंय त्यांना एकच विनंती, वेष्टणाच्या दोन्ही बाजूंचा आणि दोन्ही लेबलांचा फोटो सोबत ठेवा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांकसुद्धा टिपून घ्या. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, त्या मंडळींनी हेच चिकाटीचं काम केलंय.

प्रश्न आलेत, त्यातले दोन घेतो.

एका ताईंनी विचारलंय, वडिलांच्या तबकड्या माळ्यावर आहेत, त्यांचं काय करू? आधी त्या उतरवा. पावसाळ्यात बुरशी धरते, आणि आडव्या रचलेल्या असतील तर खालच्या वाकल्या असतील. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. मग लाखेच्या कुठल्या आणि व्हिनाइलच्या कुठल्या ते वेगळं करा. लाखेची जड असते, पडली की फुटते. व्हिनाइल किंचित लवते. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा थेंब, लेबल भिजू न देता. कुणी स्पिरिट सुचवेल, तर लाखेच्या तबकडीला ते चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि ७८ च्या तबकडीची जाड सुई लाँगप्लेवर ठेवू नका, तिची खाच तिपटीनं बारीक असते. वेष्टणावर वडिलांनी काही लिहिलं असेल, तारीख, किंमत, कुणी भेट दिली, तर ते खोडू नका. कुठं झीज दिसली तर तीही लिहून ठेवा, कुठल्या बाजूला आणि साधारण कितव्या मिनिटाला.

दुसरा प्रश्न, मघाशी ऐकवलेली प्रत दोघींपैकी कुठली? झिजलेली. कोरी घरीच आहे. ती राखाडी पट्ट्याची जागा अजून आलेली नाही, आता पुढचं लावतो म्हणजे येईल, खरखर ऐकू आली की ओळखा. संपूर्ण बाजू ऐकू. दरबारीची बाजू मात्र आज लावणार नाही, आत्ता कुठं सात वाजलेत.